सीलबंद पिशवीतलं कुंकू

मिल्या, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. अमरावतीचा हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. वंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या आणि निवेदकाने सांगितलं, "आता सरांचे बालमित्र, अकोल्याचे वसंतराव दोन शब्द बोलतील." मी उठलो. दक्षिणेतल्या सरकारी अवकाश संस्थेतली नोकरी सोडून तू आपल्या मुलखात परत आलास, उपग्रहांसाठी छोटी इंजिनं बनवणारी कंपनी काढलीस, हे सगळं सांगितलं. ते तर पेपरातही आलं होतं. शेवटी म्हणालो, "मिलिंदनं आणि मी एकमेकांपासून आयुष्यात काही लपवलं नाही." लोकांनी रुमाल काढले. सुजातावहिनींनी बसल्या जागेवरून हात जोडले. खाली उतरताना मी कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही. लोकांना वाटलं, दुःखाने.

मी धडधडीत खोटं बोललो होतो. मागच्या दिवाळीच्या आधी तुझं इंजिन चाचणीत जळालं. ते तुझ्या डिझाइनमुळे जळालं असं तू मरेपर्यंत मानत राहिलास. ते माझ्यामुळे जळालं होतं. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. आता तू गेल्यावर माझी वाचा फुटली आहे, म्हणजे भित्र्या माणसाची फुटते तेव्हाच.

पण आधी तू माझ्या शेडमध्ये आलास तो दिवस आठवतो, कारण तेव्हा मी बरा माणूस होतो. अकोल्याच्या एमआयडीसीत माझं लेथचं दुकान. दालमिलचे शाफ्ट, रोलर, बुश, हीच आमची दुनिया. मूर्तिजापूरच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, नंतर तू इंजिनिअरिंगला गेलास आणि मी आयटीआयला टर्नर झालो. इतक्या वर्षांनी तू गाडीतून उतरलास, अर्धं टक्कल, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. टेबलावर पसरून म्हणालास, "वश्या, हे करून देशील काय?"

शेव पाडायच्या साच्यात चकती असते ना, तशी एक चकती होती. तू तिला इंजेक्टर म्हणायचास. तिच्या भोकांतून इंधन आणि ते पेटवणारा वायू आत जातात आणि पुढे जाळ होतो. एकेक भोक अर्ध्या मिलिमीटरचं.

मी हसलो. "लेका, मी दालमिलचा मानूस. माह्या इथं अर्धा मिलिमीटर म्हंजे काईच नाई, तेवढं त आमी हातानं घासतो."

"म्हनूनच तुह्याकडं आलो," तू म्हणालास. "बंगलोरले देल्लं त ते मले ड्रॉइंग वाचून दाखवतात. तू काम करशील."

सांगू का, त्या एका वाक्यावर मी दोन महिने काढले. किती ड्रिल मोडले याची गणती नाही. बायको म्हणायची, दालमिलवाले तिकडे बोंबलून राहिले अन् तुमी या चकतीले मांडीवर घेऊन बसले. शेवटी एक चकती जमली. तू ती ट्यूबलाइटपुढे धरलीस आणि एकेक भोक मोजलंस. सगळ्यांतून उजेड येत होता. तू ती खाली ठेवलीस, माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिलेस आणि म्हणालास, "बे, हे हात सांभाळ." माझ्या हातांबद्दल आजवर एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं. नंतर एका पेपरात माझा फोटो छापून आला, 'अकोल्याचा टर्नर निघाला अंतराळात'. तो मी लॅमिनेट करून शेडमध्ये लावला. हा फोटोच पुढे माझ्या जिभेवर बसला.

आपलं भांडण दसऱ्याचं होतं. माझ्या शेडमध्ये दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा होते, बापाच्या वेळेपासून. झेंडूची माळ, हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू. तू त्या दिवशी कधीच नसायचास. तू आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचास, आई थकली तरी व्हीलचेअरवरून. इंजिन जळालं त्याच्या आदल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि तुझा पार्ट धरायच्या फिक्स्चरवर कुंकवाचं बोट दिसलं. तू ते अंगठ्याने पुसलंस.

"मशीनवर लाव, कॅलेंडरवर लाव, माह्या टकल्यावर लाव. माह्या पार्टच्या जवळपास नोको."

"देवाचं नाव घेतलं त तुहं काय बिघडते बे?"

"देवाचं मले मालूम नाई," तू म्हणालास. "पावडरीचं मालूम हाये."

मी रागावलो होतो. तुला ते दिसलंही असेल. मला वाटलं, शिकला म्हणून शेफारला. असं वाटलं हे आज लिहितोय, पन्नाशी उलटलेला माणूस.

मागच्या दसऱ्याच्या तोंडावर तीच चकती माझ्याकडे परत आली होती. कडेची सीलची खाच थोडी खोल करायची होती, बाकी तुमची सगळी तपासणी अमरावतीत झालेली होती. चाचणी आठवड्यावर आली होती, आणि तुझे गुंतवणूकदार ती बघायला येणार होते. मी खाच केली, चकती धुतली, हवा मारली, उजेडापुढे धरली आणि पिशवीत घालून सील केली. फरसाणवाल्यांकडे पिशवी चिकटवायचं मशीन असतं, तसलंच मी तुझ्यासाठी घेतलं होतं. वर चिठ्ठी लावली: साफ केलं, तपासलं, सील केलं. खाली माझी सही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आरतीचं ताट घेऊन मी एकेका मशीनला बोट लावत फिरलो आणि टेबलापाशी थांबलो. तुझी पिशवी तिथे होती. मनात आलं, एवढी मोठी चाचणी, आणि ही एकटीच कोरडी जाणार. तू नागपूरला. बघायला कोणी नाही. मी पिशवी कापली, कडेवर, अगदी कडेवर, कुंकवाचं एक बोट लावलं, हात जोडले. मग तुझी आठवण झाली म्हणून स्वच्छ फडक्याने पुसून टाकलं. दिसेना झालं. नव्या पिशवीत घालून पुन्हा सील केलं, आणि कालचीच चिठ्ठी सोडवून तिच्यावर चिकटवली.

त्यात तुझ्याविषयी माया होती, हे खरं आहे. पण मायेच्या खाली आणखीही काहीतरी होतं, आणि ते लिहिताना लाज वाटते. तुझं शिक्षण, तुझं विज्ञान, तुझी दीक्षाभूमी, ते सगळं ठीक, पण शेवटी कामी येणार ते आमचंच, असं कुठेतरी होतं. तू नाही म्हटलं होतंस. तुझी वस्तू, तुझा शब्द. आणि मी तुझ्या पाठीमागे ठरवलं की तुझ्या नाहीला काही अर्थ नाही. तुझ्या नाहीला किंमत न देणारे तुला आयुष्यात कमी भेटले नव्हते, मिल्या. त्यांच्यात मी नाही, असं मी समजत होतो.

चाचणी अमरावतीबाहेरच्या जुन्या गिट्टीखदानीत होती. मीही आलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन मिनिटं इंजिन चालायचं होतं. सुरू झालं तेव्हा छातीत धडधडलं, इतका सरळ, निळा जाळ. आणि मग तो एका बाजूला झुकला, इंजिनाची भिंत लाल झाली, भोक पडलं, आणि तू ओरडलास, "बंद करा!" सगळं मिळून बारा सेकंद. पाहुण्यांनी तुझ्याशी हात मिळवले आणि गाडीत बसून निघून गेले.

संध्याकाळी ऑफिसात बैठक झाली. तुझी चाचणीप्रमुख फरहीन, अचलपूरची, तोंडाने फटकळ आणि कामात पक्की. ती म्हणाली, "सर, चकती तर वितळली, पण भोकं बुजली असतील तर? अकोल्याहून परत आल्यावर तिच्यातून पुन्हा पाणी सोडून बघितलं नाही आपण."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाकडे पाहिलं.

"ते वसंतानं सील केलेलं होतं," तू म्हणालास. "त्याच्या पिशवीवर शंका घ्यायची नाही. माझ्याच डिझाइनमध्ये खोट आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. तरी तेव्हा खात्री नव्हती. मी अकोल्याला आलो आणि तिसऱ्या दिवशी रिजेक्ट झालेली जुनी चकती काढली. तिच्या कडेवर तसंच कुंकू लावलं, तसंच पुसलं, पत्र्यावर उन्हात वाळवलं, मग कंप्रेसरची हवा मारली आणि उजेडापुढे धरली. एका बाजूची चार भोकं बंद, म्हणूनच जाळ एका बाजूला झुकला होता. पुसतानाच ते आत गेलं होतं आणि वाळून दगड झालं होतं.

हातात पुरावा, आणि फोन खिशात. तुझा नंबर सगळ्यात वर. मी चकती ड्रॉवरमध्ये टाकली आणि दालमिलचा शाफ्ट लावून मशीन चालू केलं.

का सांगितलं नाही? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आता सांगून हात दाखवून अवलक्षण कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक डिझाइन गेलं तर तू दुसरं काढशील, हुशार माणूस. खरं कारण साधं होतं. कुंकवानं रॉकेट जाळलं, असं म्हणत सगळी एमआयडीसी हसली असती. तो फोटो भिंतीवरून काढावा लागला असता. आणि तू म्हणाला असतास, मी सांगितलं होतं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग तू कामाला लागलास. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा लागला. तू भोकांच्या रांगा बदलल्यास, कोन बदलले, चकती जाड केलीस. दर महिन्याला नवं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे यायचास आणि मी, बेशरम, तुला करून द्यायचो. नव्या चकतीने इंजिन जळत नव्हतं, पण जड झालं होतं, ताकदही कमी देत होतं. तू म्हणायचास, पहिलंवालं किती सुंदर होतं बे, पण सुंदर असून काय करता. डॉक्टरांनी छातीच्या तपासण्या सांगितल्या होत्या. वहिनी मागे लागायच्या. तू म्हणायचास, हे एकदा जमू दे, मग दवाखान्यात आठ दिवस झोपतो.

एकदा मी जवळजवळ बोललोच होतो. उन्हाळ्यात अमरावतीत तू मला दह्यातला गिलावडा खायला घेऊन गेलास. माझं तोंड भरलं होतं आणि मनाशी ठरलं होतं, हा घास गिळला की सांगायचं. तू चमचा खाली ठेवलास.

"वश्या, एक विचारू? खरं सांगशील?"

मला वाटलं, कळलं याला. मी घास तसाच गिळला.

"माहं डोस्कं पयलेसारखं चालत नाई काय रे? पंचवीस वर्सं हेच केलं मी. अशी चूक पोट्टे करत नाईत. रोज ते पयलं गणित काढून पायतो, मले चूकच सापडत नाई. म्हंजे चूक दिसण्याइतकंबी डोस्कं उरलं नाई, नाई काय?"

मिल्या, तुला चूक सापडत नव्हती कारण ती नव्हतीच. आणि मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, "आता वय झालं ना आपलं. होते असं." तू मान हलवलीस. माझंही बिल दिलंस. रस्ता ओलांडताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास, आधारासाठी, आणि मी तो ठेवू दिला.

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आहेत, पण ते वाक्य आठवलं की शेडमध्ये काम करता करता मी मोठ्याने काहीतरी बोलतो, म्हणजे ते ऐकू येऊ नये.

पोळ्याच्या आठवड्यात सकाळी अकराला फरहीनचा फोन आला. तू टेबलापाशी बसल्या जागी गेलास. पुढे चहा होता, आणि कागद होते. मी अकोल्याहून पोचलो तेव्हा कागद अजून तसेच होते. वरचा कागद पहिल्या चकतीचा होता. तू पुन्हा गणित मांडत होतास.

तरी मी त्या दिवशी बोललो नाही. कार्यक्रमात बोललो ते वर लिहिलंच आहे. माझी हिंमत झाली ती हिंमत नव्हतीच. कार्यक्रम संपल्यावर फरहीन चपला शोधता शोधता म्हणाली, "चाचा, ते जड इंजिन पार्टीले पसंत नाई. ऑर्डर जाईल. पन सर पयलं डिझाइन रद्द करून गेले, आता आमी काय करावं?" म्हणजे माझ्या गप्प बसण्याने तुझी कंपनीही तुझ्यामागे जाणार होती. दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवरमधली चकती घेतली आणि एसटीने अमरावतीला गेलो. गाडी होती, पण एसटीनेच गेलो. तुझ्या ऑफिसात गाडीतून उतरावंसं वाटेना.

फरहीनला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "कोनती बाजू?" मी बोट ठेवलं. तिने जळालेल्या इंजिनाचा फोटो कॉम्प्युटरवर काढला आणि चकती त्याच्याशेजारी धरली. भिंतीला पडलेलं भोक त्याच बाजूला होतं. तिने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

मग म्हणाली, "चाचा, त्या दिवशी सर गप्प बसले असते त मी पिशवीचं लावून धरलं असतं. पन सर म्हनाले शंका घ्यायची नाई. अन् मी सरांचं आयकलं." आणि ती उठून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिलो, तुझ्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत.

तुझं पहिलं डिझाइन त्यांनी पुन्हा बनवलं. चकती मीच करावी असं मी म्हणालो नाही, आणि त्यांनीही म्हटलं नाही. ती दुसरीकडून करून आणली. मागच्या गुरुवारी खदानीत चाचणी झाली. फरहीनने कळवलं, या म्हणून नाही, फक्त वेळ कळवली. मी लांब पत्र्याच्या शेडपाशी उभा राहिलो. इंजिन पेटलं. बारा सेकंद झाले, जाळ सरळ. एक मिनिट झालं, सरळ. पूर्ण दोन मिनिटं, मिल्या, केसभर हललं नाही. पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. फरहीन जमिनीवर बसून रडत होती. मला टाळी वाजवता आली नाही. ते इंजिन जितकं छान चालत होतं तितका मी लहान होत चाललो होतो.

तिथून तुझ्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, कुंकवापासून गिलावड्यापर्यंत. काहीही गाळलं नाही.  मी म्हणालो, "वहिनी, त्याचं डिझाइन बरोबर होतं. हे तुमाले सांगाले आलो."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, मले त कधी शंकाच नोती. शंका त्यायले होती. ज्यायले सांगाले पायजे होतं, त्यायले तुमी सांगतलंच नाई."

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी म्हणालो, नको. तरी त्यांनी टाकला, बशीत बिस्किटंही ठेवली, मी पीत होतो तोवर समोर बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून हे तुला. कुठे पोचेल, मला माहीत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, कुठंच नाही. तरी ज्याला सांगायचं त्याचंच नाव घेऊन एकदा लिहितो.

तुझं पहिलं डिझाइन बरोबर होतं, मिल्या. तुझ्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. आणि हे मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.